डिस्ने वर्ल्डचे अर्धे वापरलेले तिकीट वार्षिक पासात कसे बदलून घ्यावे

फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला चार-पाच दिवसांचे तिकीट काढून गेलेल्या कुटुंबाला बहुधा तिसऱ्या दिवशी वाटू लागते की आपण वर्षभरात पुन्हा इथे येणार आहोत, तेव्हा वार्षिक पासच घ्यायला हवा होता. हा विचार तिसऱ्या दिवशी सुचला तरी उशीर झालेला नसतो. तिकिटाचे काही दिवस वापरून झाले असले तरी त्यासाठी भरलेली रक्कम पासाच्या किमतीतून वजा होते आणि वरचा फरक भरला की त्या तिकिटाच्या जागी पास मिळतो. वापरलेल्या दिवसांचे पैसे कापून घेतले जात नाहीत, ही यातली सर्वांत मोठी सोय आहे. अट इतकीच, की हे काम तिकीट जिवंत असेपर्यंत व्हायला हवे. सहल संपवून घरी परतल्यावर त्याच तिकिटाची किंमत पासासाठी शून्य होते. म्हणून कोणत्या दिवशी, कोणत्या खिडकीवर, कुणाकुणाच्या नावे आणि मुळात बदल करावा की नाही, याचा हिशोब सहल चालू असतानाच मांडावा लागतो.

आधी तिकिटाची मुदत पाहावी. ऑक्टोबर २०१८ पासून डिस्ने वर्ल्डची तिकिटे तारखेशी बांधलेली असतात. एका दिवसाचे तिकीट त्याच तारखेला चालते. अनेक दिवसांच्या तिकिटाला मात्र थोडी सवड असते. चार दिवसांचे तिकीट सुरुवातीच्या तारखेपासून सात दिवसांत वापरायचे असते, पाच दिवसांचे आठ दिवसांत आणि दहा दिवसांचे चौदा दिवसांत. या सवडीमुळे अनेकांचा गैरसमज होतो. चारही दिवस वापरून झाले तरी सातव्या दिवसापर्यंत वेळ आहे, असे धरून लोक निवांत राहतात. तसे धरू नये. शेवटचा प्रवेश ज्या दिवशी वापरला, त्याच दिवशी पार्क बंद होण्याआधी बदल उरकणे हा सुरक्षित मार्ग आहे. त्या दिवशी रात्रीची आतषबाजी संपल्यावर खिडकीकडे जाऊ, असेही ठरवू नये, कारण त्या वेळी मुले झोपेला आलेली असतात आणि बाहेर पडणारी गर्दी एकाच दिशेने लोटत असते. दुपारचे जेवण झाल्यानंतरचा तास मला सर्वांत सोयीचा वाटतो.

पास कोणता मिळू शकतो, हे आपण कुठे राहतो यावर ठरते. सप्टेंबर २०२१ पासून पासाचे चार प्रकार आहेत: पिक्सी डस्ट, पायरेट, सॉर्सरर आणि इन्क्रेडी-पास. पहिले दोन केवळ फ्लोरिडाच्या रहिवाशांसाठी आहेत. सॉर्सरर पास फ्लोरिडाचे रहिवासी आणि डिस्ने व्हेकेशन क्लबचे, म्हणजे डिस्नेच्या सुट्टीघरांत पैसे भरून वाटा घेतलेले, सदस्य यांना मिळतो. न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातून आलेल्या आणि भारतातून पर्यटनासाठी आलेल्या माणसाला इन्क्रेडी-पास हाच पर्याय असतो. तो सर्वांत महाग आहे, पण त्याला वर्षभरात बंदीचे दिवस नाहीत. पिक्सी डस्ट पासावर मात्र शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवसांत प्रवेश मिळत नाही, तर सॉर्सररला थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या आसपासचे मोजके दिवस वगळलेले असतात. माझी नणंद टॅम्पाला राहते. तिथून पार्क सव्वा-दीड तासाच्या अंतरावर आहे आणि शाळेला जाणारे मूल घरात नाही, म्हणून तिला पिक्सी डस्ट पुरतो. आम्ही न्यू जर्सीहून येतो आणि शाळेच्या सुट्टीतच येऊ शकतो, त्यामुळे तोच पास आम्हाला मिळाला असता तरी निरुपयोगी ठरला असता. फ्लोरिडाच्या पासासाठी प्रत्येक प्रौढाला त्या राज्यातल्या रहिवासाचा पुरावा दाखवावा लागतो, आणि पासाचे पैसे मासिक हप्त्यांनी भरण्याची सोयही तिथल्या रहिवाशांनाच आहे. इतरांना संपूर्ण फरक एकदम भरावा लागतो.

आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वी पाहून घ्यावी: आपल्याला हवा तो पास त्या काळात विक्रीला आहे का. नोव्हेंबर २०२१ मध्ये पिक्सी डस्ट सोडून बाकीच्या नव्या पासांची विक्री थांबवली गेली आणि ती एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. विक्री बंद असताना तिकीट बदलूनही पास मिळत नाही, कारण हा बदल म्हणजे नव्या पासाची खरेदीच असते. फक्त तिचे काही पैसे आधी भरलेले असतात.

आता हिशोब. इन्क्रेडी-पासाची किंमत सप्टेंबर २०२१ मध्ये १,२९९ डॉलर होती आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ती १,५४९ डॉलर झाली. बदल ज्या दिवशी करू, त्या दिवशीची किंमत लागू होते, म्हणून जाण्यापूर्वी ताजा आकडा पाहावा. उदाहरणासाठी १,५४९ धरू. त्यावर साडेसहा टक्के विक्रीकर लावला की १,६४९ डॉलर ६९ सेंट होतात. तुमच्या चार दिवसांच्या तिकिटाला करासकट ६५० डॉलर पडले होते असे समजा, म्हणजे खिडकीवर साधारण एक हजार डॉलर भरायचे राहिले. या हजार डॉलरच्या बदल्यात पुढच्या खेपेला काय वाचेल, एवढाच प्रश्न आहे. पुढची सहल पाच दिवसांची असेल आणि एका दिवसात एकाहून अधिक पार्कांत जाण्याची मुभा असलेल्या तिकिटाला समजा ८५० डॉलर पडणार असतील, तर त्यात गाडी लावण्याचा खर्च मिळवावा. डिस्नेच्या हॉटेलात न उतरणाऱ्याला थीम पार्कच्या वाहनतळाचे रोजचे पैसे द्यावे लागतात (उदाहरणासाठी दिवसाला ३० डॉलर धरू), पासधारकाला ते लागत नाहीत. पाच दिवसांचे १५० झाले, म्हणजे ८५० आणि १५० मिळून बरोबर हजार. पास बरोबरीत सुटला. दुकानांतील खरेदीवरची २० टक्क्यांपर्यंतची सवलत आणि काही उपाहारगृहांतील सवलत ही त्यावरची कमाई.

परंतु हा हिशोब कुटुंबातल्या एकाच माणसाचा आहे, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. वाहनतळाची सवलत गाडीला मिळते. गाडीत एक पासधारक असला तरी पुरते. म्हणून १५० डॉलरची बचत पहिल्या पासाच्या खात्यात एकदाच धरायची. दुसऱ्या माणसाचा पास त्याच उदाहरणात हजार डॉलर घेतो आणि ८५० वाचवतो, म्हणजे दीडशेचा तोटा होतो. दुकानातली सवलतही घरातल्या एकाच्या पासावर घेता येते. वर्षात एकच सहल आणखी होणार असेल, तर नवरा-बायकोपैकी एकाने पास घ्यावा आणि बाकीच्यांनी तिकिटावरच जावे, हे माझे ठाम मत आहे. वर्षात आणखी दोन सहली नक्की असतील, तरच सगळ्यांचे पास परवडतात.

मुलांचा हिशोब वेगळा मांडावा. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचे तिकीट मोठ्यांपेक्षा थोडे स्वस्त असते, पण वार्षिक पासाला मुलांचा वेगळा दर नाही. तीन वर्षांपासून पुढे सर्वांना एकच किंमत. त्यामुळे आठ वर्षांच्या मुलीचे तिकीट बदलताना भरायचा फरक तिच्या आईच्या फरकापेक्षा जास्त येतो. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. या खेपेला अडीच वर्षांचा असलेला मुलगा पुढच्या खेपेला तीन पूर्ण करून आलेला असेल, तर त्याच्या तिकिटाचा खर्च पुढच्या सहलीत धरायला विसरू नये.

भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी पास घ्यावा का, हे मला अनेकांनी विचारले आहे. पर्यटक व्हिसावर येणाऱ्यांना सामान्यतः सहा महिन्यांपर्यंत राहण्याची परवानगी मिळते. त्यांच्या मुक्कामात डिस्नेच्या दोन सहली खरोखर होणार असतील तरच त्यांच्या नावाच्या पासाचा विचार करावा. पुढच्या वर्षी ते पुन्हा येतील या आशेवर हजार डॉलर गुंतवू नयेत, कारण पासाचे पैसे परत मिळत नाहीत आणि पास दुसऱ्याला देताही येत नाही.

पासाचे वर्ष कधीपासून मोजले जाते, हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. वापरलेले तिकीट बदलले की पासाची मुदत त्या तिकिटाच्या पहिल्या वापराच्या दिवसापासून धरली जाते. खिडकीवर पैसे भरले त्या दिवसाचा इथे संबंध नसतो. दोन-चार दिवसांचा हा फरक क्षुल्लक वाटतो, पण दरवर्षी एकाच सणाला जाणाऱ्या कुटुंबाची त्यात पुरती फसगत होऊ शकते. एक उदाहरण घ्या. २०२५ मध्ये थँक्सगिव्हिंग २७ नोव्हेंबरला होते. एखादे कुटुंब रविवारी २३ नोव्हेंबरला पहिल्यांदा पार्कात शिरले आणि बुधवारी तिकिटांचे पास करून घेतले. २०२६ मध्ये थँक्सगिव्हिंग २६ नोव्हेंबरला येते. त्या आठवड्यात हे कुटुंब पुन्हा गेले, तर पासाचे वर्ष सहलीच्या तोंडावरच संपलेले असेल. ज्या सहलीसाठी पास घेतला, तीच सहल पासाबाहेर पडली. हेच कुटुंब २०२६ मध्ये दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेले असते, तर पास पूर्ण उपयोगी पडला असता. म्हणून खिडकीकडे जाण्यापूर्वी पहिल्या प्रवेशाची तारीख कागदावर लिहून त्यापुढे पुढच्या सहलीची तारीख लिहावी आणि ती वर्षाच्या आत पुरेशी अलीकडे आहे ना, हे पाहावे.

तिकिटावर आणि पासावर प्रवेशाचे नियम वेगळे आहेत, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. जानेवारी २०२४ पासून तारखेच्या तिकिटावर जाणाऱ्यांना पार्कचे आगाऊ आरक्षण करावे लागत नाही. पासधारकांना मात्र ते करावे लागते. त्यातून सुटका फक्त ठरावीक खुल्या दिवशी किंवा दुपारी दोननंतर येणाऱ्यांना मिळते, आणि शनिवार-रविवारी मॅजिक किंग्डमला ही दोननंतरची मुभाही नसते. याचा अर्थ असा, की मंगळवारी संध्याकाळी तुम्ही तिकिटाचा पास करून घेतला, तर बुधवारी सकाळी ज्या पार्कात विनासायास शिरणार होता तिथे आता आरक्षण लागू शकते. म्हणून सहलीचे दिवस शिल्लक असताना बदल केला, तर खिडकीवरून हलण्यापूर्वीच डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये उरलेल्या दिवसांची आरक्षणे करून टाकावीत. इन्क्रेडी-पास आणि सॉर्सररवर एका वेळी पाच, पायरेटवर चार आणि पिक्सी डस्टवर तीन आरक्षणे ठेवता येतात. शेवटच्या दिवशी पार्कात शिरून झाल्यावर बदल केला, तर ही अडचण उरतच नाही. दुसरीकडे, लवकर बदल केला तर खरेदीवरची सवलत आणि फुकट वाहनतळ याच सहलीत मिळू लागतात. मोठी खरेदी करायची असेल तर मी शेवटून दुसरा दिवस निवडीन, नसेल तर शेवटच्या दिवसाची दुपार.

काम कुठे होते? चारही थीम पार्कांच्या, म्हणजे मॅजिक किंग्डम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंग्डम यांच्या प्रवेशद्वारापाशी तिकीट खिडक्या आणि गेस्ट रिलेशन्सची, म्हणजे पाहुण्यांना मदत करणारी, कचेरी असते. मॅजिक किंग्डमच्या आत शिरल्यावर मुख्य रस्त्याच्या सुरुवातीला असलेली सिटी हॉल नावाची इमारत म्हणजे तिथले गेस्ट रिलेशन्स. स्वतःच्या गाडीने मॅजिक किंग्डमला येणारे लोक आधी ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटरला उतरतात आणि तिथून मोनोरेलने किंवा बोटीने पुढे जातात. खिडक्या त्या केंद्रावरही आहेत. डिस्ने स्प्रिंग्ज या बाजारपेठेच्या भागातही गेस्ट रिलेशन्स आहे आणि तिथे पार्कच्या तिकिटाशिवाय जाता येते. सकाळी पार्क उघडण्याच्या वेळी बाहेरच्या खिडक्यांवर सर्वांत जास्त गर्दी असते. आपण आत असू तर आतल्या कचेरीत जावे. पार्कात ठिकठिकाणी निळ्या छत्र्यांखाली मदतीसाठी कर्मचारी उभे असतात, त्यांना विचारले तर त्या वेळी कुठे कमी थांबावे लागेल हे ते सांगतात.

सोबत काय न्यावे, तर ज्या कार्डाने, मॅजिकबँड नावाच्या मनगटी पट्ट्याने किंवा मोबाइलने प्रवेश केला ते साधन, तिकीट खरेदीची पावती किंवा ईमेल, छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि ज्याचे तिकीट बदलायचे तो माणूस स्वतः. तिकीट पहिल्या प्रवेशाच्या वेळी बोटाच्या ठशाशी जोडलेले असते, म्हणून एकट्याने सगळ्यांची कार्डे घेऊन जाण्यापेक्षा सर्वांनी मिळून जावे.

आपल्या मराठी नावांचा इथे एक खास घोटाळा होतो. पासपोर्टवर नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते, अ‍ॅपमधल्या खात्यात नुसते नाव आणि आडनाव असते, आणि तिकीट दुसऱ्या कुणी काढले असेल तर त्यात तिसरेच काही लिहिलेले असते. आमच्या पहिल्या खेपेला तिकिटे एका प्रवास एजन्सीमार्फत घेतली होती. त्यांनी माझे आणि माझ्या यजमानांचे अशी दोन्ही तिकिटे यजमानांच्याच नावावर नोंदवली होती. पार्कात शिरताना ते कळले नाही, कारण दारावर बोट आणि कार्ड जुळले की दिवा हिरवा होतो, नाव कुणी विचारत नाही. चौथ्या दिवशी खिडकीवर माझे कार्ड यंत्रावर ठेवल्यावर पडद्यावर त्यांचे नाव आले. समोरच्या बाईंनी माझा पासपोर्ट दोनदा पाहिला, नाव मोठ्याने वाचले, मधले नाव कुणाचे असे विचारले, आणि ते माझ्या नवऱ्याचे आहे हे समजल्यावर त्यांना गोंधळाचे मूळ सापडले. एजन्सीचा ईमेल फोनमध्ये होता म्हणून तिकीट आधी माझ्या नावावर आले आणि मग पास झाला. यात पाऊण तास गेला. तेव्हापासून मी प्रवासाला निघण्याच्या आधीच अ‍ॅप उघडून प्रत्येक तिकिटासमोर कुणाचे नाव आहे हे तपासते, आणि खात्यातले नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळवून घेते.

हॉटेल आणि तिकीट एकत्र मिळणाऱ्या पॅकेजमध्ये तिकीट घेतले असेल, तर पॅकेजच्या एकूण रकमेतून तिकिटाची वेगळी किंमत डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी बदल करण्यापूर्वी, या तिकिटापोटी पासात किती डॉलर वजा होणार, असा स्पष्ट प्रश्न विचारावा आणि उत्तराचा आकडा ऐकल्याशिवाय कार्ड पुढे करू नये. सवलतीत किंवा एजन्सीकडून घेतलेल्या तिकिटालाही हाच प्रश्न विचारावा. आपण हिशोबात धरलेला आकडा आणि खिडकीवरचा आकडा यांत पन्नास-शंभर डॉलरची तफावत असली, तर वर मांडलेला बरोबरीचा हिशोब लगेच बदलतो, आणि बाजूला उभे राहून दहा मिनिटे विचार करायला कुणाची हरकत नसते. जलद रांगेसाठी, म्हणजे लाइटनिंग लेनसाठी भरलेले पैसे आणि हॅलोविन किंवा नाताळच्या वेगळ्या तिकिटाच्या संध्याकाळच्या कार्यक्रमाचे पैसे पासात वळत नाहीत. पास घेतल्यावरही या दोन्हींसाठी वेगळे पैसे मोजावेच लागतात. वॉटर पार्क आणि छायाचित्रे उतरवून घेण्याची सोय पासात धरलेली नसते. ती हवी असल्यास त्याच वेळी जादा पैसे भरून जोडता येते.

पैसे भरले की जुन्या तिकिटाच्या जागी अ‍ॅपमध्ये पास दिसू लागतो. तिथेच उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात: पास कुणाच्या नावावर आहे, तो कोणत्या प्रकारचा आहे आणि त्याची अखेरची तारीख काय आहे. तारीख चुकली असेल तर ती दुरुस्त करून घेण्याची सर्वांत सोपी जागा तीच खिडकी असते. पावतीचे छायाचित्र काढून ठेवावे आणि अखेरची तारीख लगेच फोनच्या दिनदर्शिकेत, दोन महिने आधीच्या आठवणीसह, नोंदवावी.